रिकामी टाकी आणि भरलेली टाकी : वाहनाची इंधन-नळी निर्धोकपणें कशी काढावी

भाताची लावणी आटोपून खाचरांत पाणी ठरलें, म्हणजे पालघरकडील शेतकऱ्याचें लक्ष घरच्या अवजारांकडे वळतें. पूर्वीं या दिवसांत नांगराचा फाळ लोहाराकडे जाई व गाडीच्या आंसास वंगण मिळे. आज बहुतेक बागाईतदारांच्या आंगणांत बैलगाडीच्या जागीं चारचाकी टेंपो उभा असतो. केळवें-माहीमची पानें व भाजी, डहाणू-घोलवडचे चिकू, वाड्याचा कोलम तांदूळ आणि जव्हार-विक्रमगडकडील मोगरा हा सर्व माल अशाच वाहनांतून बाजारास जातो. बैलाचा खूर दुखूं लागला तर तो लंगडून धन्यास कळवितो. वाहनाची इंधन भरण्याची नळी गंजली तर तें मात्र कांहीं बोलत नाहीं. फार तर पेट्रोलचा वास येतो, आणि त्या वासाचीही आपणांस लौकरच संवय होते.

ही नळी केव्हां काढावी लागते, आणि ती काढतांना मनुष्याचा जीव व वाहन हीं दोन्ही कशीं सांभाळावीं, याविषयीं आम्ही आज लिहिणार आहों. बीं, खत व कीड यांच्या चर्चेंत रमलेल्या वाचकांस हा विषय कदाचित् परका वाटेल. परंतु ज्या आंगणांत हें काम होतें, त्याच आंगणांत गोठा असतो, पेंढ्याची रास असते आणि पोरेंबाळें खेळत असतात. तेव्हां हा विषय गॅरेजचा असला तरी तितकाच शेतकऱ्याच्या घरचाही आहे.

नळीची रचना आणि तिचें दुखणें

वाहनाच्या बाजूस जें झांकण असतें, त्याच्या आंत धातूचा एक गळा असतो. त्या गळ्यापासून टाकीपर्यंत जी जाड नळी जाते तिला गॅरेजवाले फिलर पाईप म्हणतात. जुन्या वाहनांत ही नळी कांहीं भाग लोखंडी व कांहीं भाग रबरी अशी असते, आणि जोडाच्या ठिकाणीं ती लोखंडी क्लिपांनीं आवळलेली असते. पुष्कळशा नव्या वाहनांत ती सबंध प्लॅस्टिकची असते. तिच्या बरोबरीनें दुसरी एक बारीक नळी जाते. टाकींत इंधन शिरूं लागलें म्हणजे आंतील हवा व वाफ या बारीक नळीनें वर येते. ती तुंबली तर इंधन उसळून बाहेर येतें, किंवा पंपावरील तोटी पुनःपुन्हां आपोआप बंद पडते. ट्रॅक्टरांत बहुधा भरण्याचें तोंड टाकीवरच असतें, त्यामुळें अशी लांब नळी नसते. परंतु टाकी उघडण्याविषयींचे जे नियम पुढें सांगितले आहेत, ते ट्रॅक्टरासही जसेच्या तसे लागू आहेत.

आमच्या भागांत ही नळी लौकर खराब होण्यास तीन कारणें आहेत. पहिलें, समुद्राची खारी हवा. सातपाटी, तारापूर, डहाणू या किनाऱ्यालगतच्या गांवीं खिळासुद्धां उघडा राहिला तर एका पावसांत तांबूस होतो. दुसरें, चिखल. ही नळी पुष्कळ वाहनांत मागील चाकाच्या कमानीशेजारून जाते. चाकानें उडविलेला चिखल तेथें साठतो, क्लिपेखालीं ओल धरून बसतो, आणि गंज नेमका जोडाशींच सुरू होतो. तिसरें कारण नवें आहे. २०२३ पासून आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल टप्प्याटप्प्यानें आलें, आणि २०२५ पर्यंत तें सर्वत्र पसरलें. हें इथेनॉल ऊंस, मका व तांदूळ यांपासून होत असल्यामुळें शेतकऱ्यानें त्याचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. मात्र तें पाणी ओढून घेतें, आणि जुन्या प्रकारच्या कांहीं रबरांस तें मानवत नाहीं. असें रबर फुगतें, मऊ पडतें किंवा कालांतरानें भेगाळतें. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या वाहनांचे भाग या मिश्रणास टिकतील असे घातलेले असतात; त्यापूर्वींच्या वाहनांच्या रबरी नळ्या मालकानें वर्षांतून एकदां तरी स्वतः पाहाव्या, हें चांगलें.

नळी काढण्याची वेळ आली हें ओळखावें असें : टाकी भरल्यावर एक-दोन तास वाहनाच्या मागल्या बाजूस वास राहतो, जोडाभोंवतीं ओलसर काळें कडें दिसतें, रबर वांकविलें असतां बारीक भेगा उघडतात, गाळणीवर तांबूस गंज किंवा पाण्याचे थेंब सांपडतात. यांपैकीं एकही खूण दिसली तर "पुढच्या हंगामांत पाहूं" असें म्हणूं नये.

एका सायंकाळची हकीकत

आमच्या एका स्नेह्यांच्या पेट्रोलच्या टेंपोस असाच वास येऊं लागला. ते गृहस्थ भाजीपाल्याचे मोठे बागाईतदार, वागण्यांत सावध व हिशेबी. बोईसर-चिल्हार रस्त्यालगतच्या एका लहानशा गॅरेजांत त्यांनीं वाहन नेलें, आणि सहज गांठ पडली म्हणून आम्हीही बरोबर गेलों. क्लिपेचा स्क्रू गंजून एकजीव झाला होता व रबर गळ्यास चिकटून बसलें होतें. कारागीर तरुण व हुशार होता. त्यानें एक-दोन वेळां पाना लावून पाहिला आणि मग कोपऱ्यांतील गॅसची बत्ती ओढून आणली. "साहेब, जरा शेक दिला कीं सुटेल," असें तो म्हणाला.

आम्हीं त्यास थांबविलें. त्यावर आमच्या स्नेह्यांनींच आमची समजूत घातली. ते म्हणाले, "अहो, काळजी नको. टाकी मीं कालच रात्रीं रिकामी केली आहे. आंत थेंब नाहीं."

त्या एका वाक्यासाठीं हा लेख लिहिला आहे. टाकी रिकामी आहे म्हणून धोका नाहीं, असें मानणारे हे एकटेच गृहस्थ नव्हते. कारागीरही तसेंच मानीत होता, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या वाचकांपैकींही कित्येक आजपर्यंत तसेंच मानीत असतील.

रिकामी टाकी अधिक घातक कां?

पेट्रोल पेटतें असें आपण बोलण्यांत म्हणतों. वास्तविक पेटते ती त्याची वाफ. ही वाफ हवेंत ठराविक प्रमाणांत मिसळली तरच पेट घेते. शंभर भाग मिश्रणांत वाफ सुमारें दीड भागाहून कमी असेल तर तें पेटत नाहीं. सुमारें साडेसात भागांहून अधिक असेल तरीही पेटत नाहीं, कारण मग जळण्यास हवाच पुरत नाहीं. या दोन मर्यादांच्या मधलें मिश्रण मात्र ठिणगीसरशी भडकतें. आणि तें टाकीसारख्या बंद भांड्यांत असेल तर त्याचा स्फोट होतो. गोबरगॅसचें यंत्र ज्यांच्या घरीं आहे, त्यांस ही गोष्ट नवी वाटूं नये. चुलीवर तो वायु शांतपणें जळतो, आणि हवा मिसळलेल्या बंद घुमटांत तोच वायु घात करतो.

आतां टाकीचा विचार करा. भरलेल्या टाकींत इंधनावर जी थोडी पोकळी असते, तींत वाफ इतकी दाट असते कीं तेथें हवेस फारसा वाव राहत नाहीं. टाकी रिकामी केली, झांकण उघडें ठेवलें, म्हणजे आंत हवा शिरते व दाट वाफ विरळ होऊं लागते. आणि विरळ होतां होतां ती त्या घातक मर्यादांमध्यें येऊन ठेपते. कारागीर बत्ती घेऊन येतो तो नेमका याच वेळीं.

"पण थेंब नाहीं" असें म्हणणाऱ्यांसाठीं थोडा हिशेब मांडतों. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती अदमासें दोनशें लिटर जागा व्यापते. चाळीस लिटरांच्या टाकींत शंभरास दोन या प्रमाणांत वाफ होण्यास एक लिटरहूनही कमी वाफ पुरते; म्हणजेच चहाचा एक चमचा पेट्रोल पुरतें. टाकीच्या तळाच्या खांचांत, गाळाखालीं व नळीच्या वांकांत एवढें पेट्रोल राहणार नाहीं, अशी खात्री कोणीही देऊं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, ही वाफ हवेपेक्षां तीन ते चार पट जड असते. ती धुरासारखी वर जात नाहीं, तर पाण्यासारखी जमिनीवरून सरकत जाऊन खळग्यांत सांचते. जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं आपले वडील कंदील सोडून पाहात. तो विझला तर खालीं जड व मारक हवा आहे असें समजून कोणी उतरत नसे. पेट्रोलची वाफही तशीच तळाशीं बसते. भेद इतकाच कीं येथें कंदील विझत नाहीं, तर तोच सर्वांचा घात करतो. म्हणून गॅरेजच्या खड्ड्यावर वाहन उभें करून टाकी उघडणें, किंवा दहा-बारा पावलांवर चूल पेटलेली असतांना नळी काढणें, हें उघड संकट होय.

डिझेलविषयींचा गैरसमज

"आमचें वाहन डिझेलचें आहे, त्यास कांहीं होत नाहीं," असेंही पुष्कळ लोक म्हणतात. ज्या उष्णमानास एखाद्या इंधनापासून पेटण्याजोगी वाफ सुटूं लागते, तें उष्णमान पेट्रोलचें शून्याखालीं चाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे तें अहोरात्र पेटण्यास तयारच असतें. डिझेलचें तें उष्णमान आपल्या देशाच्या मानकाप्रमाणें निदान ३५ अंश असावें लागतें. आतां वैशाखांतील दुपार मनांत आणा. लोखंडी टाकी उन्हांत तापलेली असते. शिवाय डिझेलच्या पुष्कळ इंजिनांत न वापरलेलें इंधन गरम होऊन परत टाकींत येतें. तेव्हां ३५ अंश ही मर्यादा कांहीं दूरची नव्हे. डिझेल पेट्रोलहून पुष्कळ सौम्य आहे हें खरें. परंतु त्याच्या टाकीस आंच लावण्याची मुभा मिळते, असा त्याचा अर्थ नाहीं.

सीएनजीवर चालणाऱ्या वाहनाची गोष्ट सर्वस्वीं निराळी आहे. त्याचा वायु अतिशय दाबाखालीं असतो. त्या बाजूच्या नळ्यांस घरीं हात लावूंच नये. तें काम त्या विद्येच्या माणसांचेंच आहे.

पूर्वतयारी

तारापूर म्हटलें म्हणजे लोकांस १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र आठवतें. परंतु आमच्या गांवांतील कित्येक मुलगे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत ज्वालाग्राही द्रव्यांशीं रोज काम करतात. ११ जानेवारी २०२० रोजीं सायंकाळीं कोळवडें येथील एका रासायनिक कारखान्यांत झालेला प्राणघातक स्फोट या भागांतील लोक विसरलेले नाहींत. चांगल्या कारखान्यांत आंच किंवा ठिणगी उत्पन्न होईल असें कोणतेंही काम करण्यापूर्वीं जबाबदार मनुष्याकडून लेखी परवानगी घेण्याची रीत असते. आपल्या आंगणांत काम करणारे आपण आणि परवानगी देणारेही आपणच. तेव्हां पुढील गोष्टी पुऱ्या झाल्याशिवाय आपणच आपणांस परवानगी देऊं नये.

जागा उघडी, सपाट व वाऱ्याची असावी. वर झाडाची सावली असल्यास उत्तम. गोठा, पेंढ्याची रास, चूल, देवापुढील समई, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर व विहीर यांपासून ती दूर असावी. वेळ सकाळची घ्यावी, म्हणजे टाकी व इंजिन हीं दोन्ही थंड असतात. रात्रीं हें काम मुळींच करूं नये. तारेला लोंबकळणारा दिवा हातांतून पडून फुटला तर त्याची तापलेली तार आग लावण्यास पुरते.

काम ठरवावें तें टाकींत इंधन कमी असेल त्या दिवशीं. आदल्या दिवशीं टाकी भरून आणूं नये. नळी व टाकी यांची मूळ मांडणी कशी आहे तिचें छायाचित्र आरंभींच घेऊन ठेवावें, आणि मग भ्रमणध्वनि घरांत ठेवून यावें. विडी-सिगारेट व काड्यापेटी खिशांतून काढून ठेवावी. जवळ कोरड्या भुकटीचें अग्निशामक नळकांडें, दोन बादल्या कोरडी वाळू आणि एक सावध सोबती असावा. सोबत्याचें काम केवळ पाहण्याचें. मुलांस व कुत्र्यास दूर ठेवणें हेंही त्याच्याकडेच. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतूं नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतें व आग पाण्याबरोबर पसरते.

वाहन उचलावें लागल्यास चाकांस लांकडी पाचरी द्याव्या व वाहन लोखंडी घोड्यांवर टेकवावें. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरंवशावर वाहनाखालीं जाणें म्हणजे यमाशीं पैज मारणें होय.

नळी काढण्याचा क्रम

प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडावें व तें बाजूस बांधून ठेवावें. हें काम टाकीचें झांकण उघडण्यापूर्वींच झालें पाहिजे, कारण टोक सोडतांना बारीक ठिणगी उडण्याचा संभव असतो. हेंच टोक सर्व काम झाल्यावर सर्वांत शेवटीं जोडावयाचें.

मग झांकण हळूहळू फिरवून आंतील दाब सोडून द्यावा. नंतर इंधन काढावें तें हातपंपानें, किंवा टाकीस तळाशीं बूच असल्यास त्या वाटेनें. नळी तोंडांत धरून इंधन ओढण्याची जी चाल आहे ती अतिशय वाईट. इंधनाचा एक घोट चुकून श्वासनलिकेंत गेला तर फुप्फुसांस गंभीर दाह होतो व त्यांत मनुष्य दगावतोही. असा अपघात झालाच तर उलटी करवूं नये. ताबडतोब दवाखाना गांठावा.

काढलेलें पेट्रोल घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत घ्यावें. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल परवान्यावांचून बाळगण्याची मर्यादा ३० लिटर ठेविली असून धातूचें एक भांडें २५ लिटरांहून मोठें नसावें असें सांगितलें आहे. पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिक बाटल्या या कामीं वापरूं नयेत. डबा टेंपोच्या हौद्यांत न ठेवतां जमिनीवर ठेवावा आणि एका तारेनें वाहनाच्या लोखंडी सांगाड्याशीं जोडावा. वाहत्या इंधनाच्या घर्षणानें जी वीज सांचते ती या तारेवाटे समान होते व ठिणगी उडत नाहीं. ही तार इंधन वाहूं लागण्यापूर्वीं जोडावी. डबा भरतांच झांकण लावून तो दूर सावलींत न्यावा.

आतां नळीभोंवतालचा चिखल ओल्या फडक्यानें व कुंचल्यानें साफ करावा, नाहींतर जोड सुटतांच सर्व माती टाकींत पडते. कोणती नळी कोठें बसते याच्या खुणेसाठीं निरनिराळ्या रंगांचे दोरे बांधावे. क्लिप सैल करावी ती हाताच्या पेचकसानें, ज्यास गॅरेजांत डिसमिस म्हणतात, किंवा पान्यानें. विजेचें छिद्रयंत्र, ग्राइंडर, छिन्नी-हातोडा यांपैकीं कांहींही येथें चालवूं नये; ठिणगी पडली कीं झालें. स्क्रू गंजला असेल तर गंज सोडविणारें तेल लावून तो रात्रभर तसाच ठेवावा. त्यासाठीं एक दिवस गेला तरी तो वांयां गेला असें समजूं नये.

रबर गळ्यास चिकटलें असेल तर तें सरळ ओढूं नये. प्रथम दोन्ही दिशांस थोडें थोडें पिळावें, म्हणजे पकड सुटते. तरीही सुटलें नाहीं, आणि नळी बदलावयाचीच आहे, तर धारदार चाकूनें ती लांबींत चिरावी. धातूच्या गळ्यावर चाकू घासूं नये, आणि हातांत जाड मोजे असावे. पेटती बत्ती, तापलेली सळई किंवा उकळतें पाणी यांचा येथें विचारही करूं नये. बाहेरील गळा वाहनाच्या पत्र्यास दोन-तीन स्क्रूंनीं बसविलेला असतो, ते मग काढावे. कांहीं वाहनांत गळ्यापासून सांगाड्यापर्यंत एक बारीक तार किंवा पट्टी असते. ती निरुपयोगी समजून फेंकूं नये. भरतांना सांचणारी वीज उतरविण्यासाठींच ती आहे, आणि नवी नळी बसवितांना ती पुनः जोडली पाहिजे.

नळी सुटतांच टाकीचें तोंड नीट बसणाऱ्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या बुचानें बंद करावें. चिंधी कोंबूं नये. ती इंधन शोषून घेते व वाफ सोडीत राहते. जमिनीवर सांडलेल्या इंधनावर वाळू टाकावी. तें पाटांत, गटारांत किंवा विहिरीकडे उतरणाऱ्या जागीं जाऊं देऊं नये. आपण ज्या विहिरीचें पाणी पितों व पानमळ्यास देतों तीच मग नासते. अंगावरील कपड्यास पेट्रोल लागलें असेल तर तो तेथेंच उतरवावा व मोकळ्या हवेंत वाळूं द्यावा. तशाच कपड्यानिशीं स्वयंपाकघरांत जाऊं नये.

टाकीसच छिद्र पडलें असेल तर मात्र आपलें काम येथेंच संपतें. जुनी टाकी घरीं किंवा रस्त्याकडेच्या गॅरेजांत डाग देऊन सांधूं नये. ज्यांच्याजवळ टाकी पूर्णपणें वाफमुक्त करण्याचें साधन व विद्या आहे त्यांच्याकडेच ती न्यावी, किंवा नवी घ्यावी.

नवी नळी बसवितांना

येथें शेतकऱ्याच्या काटकसरीची परीक्षा असते. ठिबकाची नळी किंवा फवारणी-पंपाची नळी घरांत पडलेली असते, तिची जाडीही जुळते, आणि "तूर्त भागेल" असें मनांत येतें. पाण्यासाठीं केलेलें प्लॅस्टिक व रबर पेट्रोलनें मऊ पडतें, कडक होतें किंवा विरघळतें; तें कांहीं आठवड्यांतच गळूं लागेल, आणि तेंही चालत्या वाहनांत. इंधनासाठींच बनविलेली, वाहनाच्या नमुन्यास जुळणारी नळी घ्यावी. क्लिपा न गंजणाऱ्या पोलादाच्या असाव्या. खारी हवा पाहतां हा खर्च वाजवी आहे.

नळीस टाकीकडे सारखा उतार असावा; मध्यें झोळ राहिला तर तेथें इंधन सांचतें. बारीक नळी पिळली गेली नाहीं ना, हें बोटानें चांचपून पाहावें. क्लिपा बेताच्या आवळाव्या, रबर कापलें जाईल इतक्या नव्हे. नंतर थोडेंसेंच इंधन ओतून प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानें पुसावा व अर्धा तास थांबून पुनः पाहावा. ओल नसेल व वासही उरला नसेल, तरच बॅटरी जोडून इंजिन चालू करावें.

इतकें करूनही आग लागलीच तर टाकी वांचविण्यासाठीं धांवूं नये. आग लहान असेल तर वाऱ्याच्या दिशेस पाठ करून भुकटी तिच्या बुडाशीं मारावी. एका नळकांड्यानें न विझली तर माणसांसह मागें हटावें आणि अग्निशामक दळास १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें. भाजलेल्या जागीं निदान वीस मिनिटें साधें वाहतें पाणी घालावें; तेल, शाई, हळद यांपैकीं कांहींही लावूं नये; रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक आहे.

उपसंहार

त्या सायंकाळीं गॅसची बत्ती पुनः कोपऱ्यांत गेली. गंजलेल्या स्क्रूस तेल लावून वाहन रात्रभर बाहेर उभें ठेविलें. दुसरे दिवशीं सकाळीं उघड्या जागेंत त्याच तरुण कारागिरानें हातानें क्लिप सोडविली व रबर चाकूनें चिरून काढलें. नळी निघाल्यावर आम्हीं ती टाकीच्या बाजूनें उभी धरून तिचें तोंड वाळूवर उपडें केलें. जींत थेंब नाहीं असें आमचे स्नेही म्हणत होते, त्या टाकीच्या नळीच्या वांकांतून अर्धी वाटी पेट्रोल वाळूवर पडलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. कारागिरानें त्यावर दोन मुठी वाळू टाकली, आणि आमचे स्नेही थोडा वेळ त्या ओल्या वाळूकडे पाहात उभे राहिले.

सर्व काम दोन तासांत झालें. एका दिवसाची भाजी शेजाऱ्याच्या टेंपोनें गेली, त्याचें भाडें पडलें; तेवढाच काय तो तोटा. आमच्या वाचकांनीं आपल्या आंगणांत किंवा ओळखीच्या गॅरेजांत "टाकी रिकामी आहे" हे शब्द ऐकले, तर तेवढ्या वेळापुरतें काम थांबवावें, आणि आंच दूर आहे कीं नाहीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून मगच पुढें चालूं द्यावें, इतकीच आमची विनंति आहे.